दोर सैल सोडला तेव्हा

लंबू प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा ताई टाकीत दोरे सोडत होती.

दोरे म्हणजे केसाएवढे बारीक, रबरासारखे मऊ तंतू. निळ्या प्रकाशात ते हिरवे चमकत. काचेच्या टाकीत दोन्ही बाजूंनी पंखे फिरत होते आणि मधलं पाणी नुसतं घुसळून निघत होतं. अशा खवळलेल्या पाण्यातून लवचिक तंतू कसे वाहतात, कधी ताठ राहतात, कधी दुमडतात, कधी स्वतःभोवतीच गुंडाळले जातात, हे कॅमेऱ्यानं टिपायचं आणि त्यातून नियम शोधायचा, हे तिचं काम. कागदाच्या लगद्यापासून कपड्यांतून सुटून समुद्रात जाणाऱ्या धाग्यांपर्यंत बऱ्याच ठिकाणी ते उपयोगी पडतं. तिच्या धाकट्या भावाला मात्र ते कधी पटलं नव्हतं. "आमची ताई पाण्यात दोरे ढवळते आणि वर त्याचा पगार घेते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तो स्वतः अग्निशमन दलात पाणबुड्या होता.

गेल्या पुरात तो गेला. नदीच्या बंधाऱ्यावरून एक होडी खाली कोसळली होती; होडीत बाप आणि लेक. धाकट्यानं मुलीला काठाला आणलं आणि बापासाठी परत पाण्यात उतरला. कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक काठावर लंबूच्या हातात. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी वरून आदळतं आणि उलटं फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच येतं. त्यात सापडलेलं लाकूडसुद्धा तिथल्या तिथं गरगरत राहतं. धाकट्याला बाहेर काढलं तेव्हा दोराची वेटोळी त्याच्या दोन्ही दंडांना आणि पाठीवरच्या हवेच्या टाकीला बसली होती. कमरेचा सुरा म्यानातच होता. हात तिथवर पोचलाच नव्हता. त्या मुलीचा बापही वाचला नाही.

चौकशी समिती बसली. दोर धरणाऱ्यानं भलत्या वेळी दोर सैल सोडला, असं ठरलं. लंबूला बचाव पथकातून काढून फोन घ्यायच्या खोलीत बसवलं. खापर फोडायला सगळ्यांना एक डोकं हवं होतं, ते मिळालं.

आईनंही त्याच डोक्यावर फोडलं. लंबू आणि धाकटा एकत्रच भरती झालेले. लंबूचं या गावात कुणी नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं तो त्यांच्याच घरी जेवायचा. दाराच्या चौकटीला डोकं आपटून आपटून त्याला वाकून यायची सवय लागली होती. आई दवाखान्यात परिचारिका होती, आता निवृत्त झाली होती. लंबूला ताप भरला तेव्हा तिनंच उशाशी बसून पट्ट्या ठेवल्या होत्या. आणि आता तीच म्हणायची, "त्याचं तोंड बघायचं नाही मला." लंबू तरीही रविवारी यायचा. बेल वाजवायचा, जिन्यात थोडा वेळ उभा राहायचा आणि जायचा. त्याची पावलं खाली उतरेपर्यंत आई हातातलं काम थांबवून बसून राहायची.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

ताईनं पंखे बंद केले नाहीत. "इथं कशाला आलास?"

"तुम्हाला एक विचारायचं होतं."

'तुम्हाला' हा शब्द तिला टोचला. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"तुम्ही पाण्यातल्या दोऱ्यांचंच काम करता," तो म्हणाला. "समितीवरच्या एकानंही पाण्यात दोर धरलेला नव्हता. मी सांत्वनाला नाही आलो. माझ्या हातून तो गेला का, एवढंच सांगा. हो असेल तर हो म्हणा."

"हे बघ," तिनं चिमट्यात एक तंतू उचलून दाखवला. "हा केसाएवढा. तुझा दोर अंगठ्याएवढा. ही टाकी आहे, ती नदी होती. मला काय कळणार इथं बसून?"

"त्यानं दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे दोर दे. मी दिला." लंबूचा आवाज सपाट होता, हे वाक्य त्यानं फार वेळा म्हटलेलं असावं. "समितीला सांगितलं. ते म्हणाले, याला साक्षीदार कोण? साक्षीदार तोच होता, ताई."

"तू जा," ती म्हणाली. "मला काम आहे."

तो गेला. ताई कामाला लागली, पण तिचं लक्ष उडालं होतं. समोरच्या पडद्यावर आदल्या दिवशीची चित्रफीत संथ गतीनं चालली होती. आखूड तंतू काडीसारखे कोलांट्या खात जात होते. त्याहून लांब तंतू काही वेळ ताठ वाहायचा, मग दोन्ही टोकांकडून पाण्यानं दाबल्यासारखा मधेच वाकायचा, पुन्हा ताणला जायचा. आणि सगळ्यात लांब तंतू कधीच धड सरळ राहत नव्हते. हे तर तिला गेली कित्येक वर्षं माहीत होतं. तंतूचा ताठपणा किती आणि पाण्याचा जोर किती, यावर एक ठरावीक लांबी निघते. त्या लांबीपुढे तंतू दुमडणारच. हे नदीला आणि माणसाच्या कमरेच्या दोराला लावून बघावं, असं आधी तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि धाकटा गेल्यापासून ते मनात येऊ नये म्हणून ती धडपडत होती.

ती उठली आणि प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांच्या खोलीत गेली.

सर निवृत्तीला टेकले होते. बैठका आणि सह्या यांतच त्यांचा दिवस जायचा. पाण्यात हात घालून त्यांना युगं लोटली होती. तो बंधारा आणि तो दोर लहान आकारात करून बघायचा तिचा बेत त्यांनी ऐकून घेतला आणि नकारार्थी मान हलवली.

"नको. तू बहीण आहेस. तुला जे हवं तेच दिसेल."

"मला काय हवंय तेच मला कळत नाही, सर. त्याची चूक निघावी की निघू नये."

"त्याचीच मला भीती वाटते." सरांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "करायचं तर एका अटीवर. दोरा मी धरणार. कापडी पडद्याआड. कधी ताणून धरला, कधी सैल सोडला, हे तुला अजिबात कळता कामा नये. तू फक्त चित्रफिती बघायच्या आणि काय झालं ते सांगायचं. कबूल?"

"तुम्ही धरणार?"

"का, हात नाहीत मला?" सर म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या वर करू लागले, जणू आत्ताच सुरुवात करायची होती.

तयारीलाच कितीतरी आठवडे गेले. प्रयोगशाळेत काचेचा एक लांबलचक पाट होता. त्यात त्यांनी त्या बंधाऱ्याची लहान प्रतिकृती बसवली. पाणी वरून कोसळून पायथ्याशी तसंच उलटं फिरेपर्यंत ते तिची उंची बदलत राहिले. मेणाचा एक बाहुला ओतला, पोटात शिसं घालून. टाकी पाठीवर बांधलेला माणूस पाण्यात जसा अर्धवट तरंगतो तसा तो तरंगायला हवा होता. खरी डोकेदुखी दोऱ्याची होती. शिवणाचा साधा दोरा घ्यावा तर एवढ्याशा पाण्यात तो तारेसारखा ताठ वागायचा. नदीत तो दोर जितका वाकतो तितकाच हा इथं वाकायला हवा. म्हणून दोर मुळात किती वाकतो ते मोजणं आलं, आणि त्यासाठी लंबूला निरोप पाठवावा लागला.

तो त्याच जातीचा दोर खांद्यावर टाकून आला. त्यांनी दोर भिजवला, टेबलाच्या कडेवरून थोडा थोडा पुढे सरकवला आणि स्वतःच्या वजनानं तो किती झुकतो ते बघितलं. मग लंबूनं दोर कसा धरतात ते दाखवलं. सरांनी पलीकडचं टोक घेतलं. लंबू डोळे मिटून उभा राहिला.

"अंगठ्यावरून घ्यायचा, असा. आवळायचा नाही. आवळला की हाताला काही कळत नाही. आता ओढा... नाही, एवढ्या जोरात नाही. हां. पहिल्यांदा एवढाच ताण होता." त्याचे डोळे मिटलेलेच होते. "ताण वाढत गेला तसा मला वाटलं, मी याला खाली तर ओढत नाही ना? वाहत्या पाण्यात दोर फार ताणला की माणूस पाण्याखाली जातो. आणि तेवढ्यात दोन हिसके आले."

ताई लिहून घेत होती. त्याच्याकडे न बघता लिहीत होती.

मऊ तंतू ओतता ओतता कित्येक वाया गेले. शेवटी हवा तसा जमला. ज्या दिवशी बाहुला पहिल्यांदा पाण्यात उतरला, त्या दिवशी ताई कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली होती. चमकत्या दोऱ्याला बांधलेला तो पिवळा ठिपका बंधाऱ्याकडे सरकला, पांढऱ्या फेसाखाली गेला आणि गोल फिरला. ती उठून बाहेर गेली. नळाखाली तोंड धुतलं, ओल्या हातांनी भिंतीला टेकून उभी राहिली. ती परत येऊन बसल्यावर कापडाआडून सर एवढंच म्हणाले, "पुढचा?"

"पुढचा," ती म्हणाली.

कितीतरी दिवस हे चाललं. बाहुला जायचा, फिरायचा, कधी बाहेर फेकला जायचा, बहुतेक वेळा आतच राहायचा. ती लिहायची: वेटोळं बसलं. वेटोळं नाही, पण वर आला नाही. सुटला. वेटोळं बसलं. शेवटी सरांनी आपल्याकडची नोंद तिच्यासमोर ठेवली आणि दोघांनी दोन्ही नोंदी जुळवल्या.

दोरा सैल सोडला तर निम्म्याहून अधिक वेळा तो पाण्यात दुमडून बाहुल्याभोवती गुंडाळला जात होता. ताणून धरला तर वेटोळं क्वचितच बसायचं. पण तेव्हा बाहुला कोसळत्या पाण्याखाली खेचला जायचा आणि वर यायचा नाही. मधला ताण थोडा बरा, पण थोडाच. हात कसाही असो, त्या पाण्यातून बाहुला सुखरूप येणं हाच अपवाद होता.

"म्हणजे त्याची चूक नाही," ताई म्हणाली. इतके दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी हलल्यासारखं तिला वाटलं.

"एवढी घाई नको," सर म्हणाले. "हेही बघ."

दोरा धरायच्या टोकाला त्यांनी ताण मोजणारं एक नाजूक यंत्र जोडलं होतं. ताण चढला की पडद्यावरची रेघ वर जायची, उतरला की खाली. सरांनी एक रेघ दाखवली. सपाट चाललेली रेघ एकदम वर उडाली, खाली आली, पुन्हा तशीच वर उडाली. लागोपाठ दोन टोकं. मग दुसरी रेघ दाखवली, मग तिसरी. सगळ्यांत नाही, पण पुष्कळ रेघांत ती जोडी होती. दोरा भोवऱ्यात दुमडायचा, मग भोवरा त्याला ताणायचा, सोडायचा आणि पुन्हा ताणायचा.

"हिसके," ताई म्हणाली.

"दोन हिसके."

बाहुल्याला हात नव्हते. दोर मागणारं तिथं कुणीही नव्हतं.

ती घरी गेली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "हल्ली रविवारीसुद्धा प्रयोगशाळा," आई म्हणाली. "कुणी भेटलंय का तिथं? असेल तर सांगून टाक, मी काही खाणार नाही त्याला."

ताईनं सांगून टाकलं. बंधारा, बाहुला, लंबू येऊन दोर दाखवून गेला ते, सगळं. आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"माझ्या पोराचा खेळ मांडलात तुम्ही काचेत?"

"आई, खेळ नाही गं."

"बाहुला केलात त्याचा!" आई आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. ती जेवली नाही. ताईनं दोनदा दारावर टकटक केली, तरी तिनं दार उघडलं नाही.

सकाळी ताई उठली तर आई बाहेर जायच्या कपड्यांत, पर्स मांडीवर घेऊन बसलेली. चेहरा सुजला होता, केस मात्र नीट विंचरलेले.

"चल," ती म्हणाली. "मला बघायचंय."

सरांनी खुर्ची पुढे केली, पण आई बसली नाही. पाटाच्या काचेजवळ उभी राहिली आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून बघू लागली. सरांनी पाणी सुरू केलं. बाहुला गेला.

"पिवळा का केलाय?"

"नीट दिसावा म्हणून."

"त्याचा पोशाख काळा होता," आई म्हणाली.

तिनं बऱ्याच खेपा बघितल्या. ताण म्हणजे काय, सैल म्हणजे काय, ते सर हळू आवाजात सांगत होते, आणि ती रुग्णाची माहिती घ्यावी तशी मान डोलवत होती. मग तिनं पर्स ताईकडे दिली.

"मला द्या ते टोक."

सरांनी ताईकडे बघितलं. ताई बाजूला सरकली. सरांनी दोरा आईच्या हातात दिला आणि अंगठ्यावरून कसा घ्यायचा ते दाखवलं. आईनं तो घेतला. सलाईनच्या नळ्या आणि टाके हाताळलेले हात होते ते. बाहुला पाण्याबरोबर सरकत बंधाऱ्याखाली गेला. दोरा ताणला गेला. आईचे ओठ घट्ट मिटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग दोऱ्याला झटका बसला, लगेच आणखी एक, आणि आईचा हात आपोआप पुढे गेला.

दोरा सैल पडला. पाण्यात तो मधेच दुमडला, फिरला, आणि बघता बघता पिवळ्या ठिपक्याभोवती हिरवी रेघ गुंडाळली गेली.

पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"ओढलं ना त्यानं," आई म्हणाली. तिनं सरांकडे बघितलं, मग लेकीकडे. "मला ओढलं. तुम्ही नाही पाहिलंत?"

"आई, तो मेणाचा आहे."

आई हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा करा." यावेळी तिनं सोडायचं नाही असं ठरवलं होतं; बोटं पांढरी पडेपर्यंत तिनं दोरा आवळून धरला. बाहुला कोसळत्या पाण्याखाली गेला आणि तिथंच राहिला. आईनं थोडा वेळ वाट बघितली. मग दोरा सोडला आणि हात पदराला पुसले.

"पुरे," ती म्हणाली. "बंद करा ते पाणी."

ती खुर्चीत बसली. सरांनी पाणी आणून दिलं, ते तिनं सगळं प्यायलं.

"लंबूला हे दाखवलंत?"

"अजून नाही." ताई तिच्याजवळ बसली. "आई, तो एकाच गोष्टीवर तगून आहे. धाकट्यानं दोर मागितला आणि आपण दिला, या गोष्टीवर. आता मी जाऊन सांगू का, की कदाचित त्यानं मागितलाच नव्हता? पाण्यानंच तुला फसवलं?"

आईनं रिकामा पेला खाली ठेवला. "वॉर्डात माणूस गेला की घरचे विचारायचे, शेवटी काही बोलला का. आम्ही म्हणायचो, तुमचं नाव घेतलं. कधी घेतलेलं असायचं. कधी नसायचं."

"म्हणजे सांगू नको?"

"मी कुठं तसं म्हटलं? ते लोक उत्तर घेऊन घरी जायचे. आम्हाला परत कधी भेटायचे नाहीत." आई उठली. "हा आपल्याकडे दर रविवारी येतो. सांग त्याला. मी येते बरोबर."

अग्निशमन केंद्राच्या आवारात दोन बंब धुऊन उभे केले होते. लंबू फोनच्या खोलीतून वाकून बाहेर आला, आणि आईला बघून जागीच थांबला. पुढे यावं की नाही ते त्याला कळेना. आईनंच हात केला.

ताईनं सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, त्यानं मागितलं होतं तसं. दोर ताणून धरला असता तरी धाकटा बहुतेक वाचला नसता, हे सांगितलं. आणि हिसक्यांचंही सांगितलं. लंबू ऐकत होता. ऐकता ऐकता तो बंबाच्या पायरीवर बसला. बसल्यावरही त्याचे गुडघे छातीपर्यंत येत होते.

"म्हणजे त्यानं दोर मागितलाच नव्हता," तो म्हणाला.

"ते माहीत नाही. मागितला असेलही. पाणीही असेल. हाताला दोन्ही सारखेच लागतात."

"पण तू एवढे प्रयोग केलेस. त्यातून काहीतरी कळेलच ना?"

"शंभर दोऱ्यांचं सांगता येतं मला. त्या एका दोराचं नाही. ते कुणालाच नाही सांगता येणार."

लंबूनं दोन्ही तळहात उघडून समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "माझ्याजवळ तेवढंच होतं, ताई. बाकी काहीही असो, मी त्याचं ऐकलं, एवढं." त्याचा आवाज फुटला. एवढा आडदांड माणूस, तोंड ओंजळीत घालून लहान पोरासारखा हमसाहमशी रडू लागला. आवारात पाइप गुंडाळणारे दोघंतिघं मागे वळून बघू लागले आणि मग पाठ करून पुन्हा कामाला लागले.

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी पण सोडला," ती म्हणाली. "कालपर्यंत म्हणत होते, मी असते तर सोडला नसता. आज हातात धरला. ओढ लागली आणि सोडला, विचारसुद्धा नाही केला. तिकडून पोर ओढतंय असं वाटल्यावर कोण धरून ठेवेल?"

लंबूनं ओंजळीतून तोंड वर काढलं.

"मी दार उघडत नव्हते," आई म्हणाली, "कारण दार उघडलं की तू एकटाच आत येणार होतास. ते मला बघवलं नसतं. तुझा राग होताच. पण हेही होतं." मग तिनं नाक पुसलं आणि आवाज चढवला. "ऊठ आता. किती वाळलायस! जेवतोस की नाही? सुट्टी झाली की घरी ये."

ताईनं आणि सरांनी आपले निष्कर्ष दलाकडे दिले. समितीनं आपला निर्णय मागे घेतला नाही. घेतील असं सरांना वाटलंही नव्हतं. पण बंधाऱ्याखाली कुणालाही दोर बांधून उतरवायचं नाही, असा हुकूम निघाला, आणि खवळलेल्या पाण्यात हिसक्यांच्या खुणा बंद झाल्या. त्याऐवजी बुडणाऱ्याला धरता यावेत म्हणून हवेनं फुगवलेले पाइप काठावरून पुढे सरकवायचा सराव सुरू झाला. समितीचा निर्णय कागदावर तसाच राहिला, तरी दलानं लंबूला बचाव पथकात परत बोलावलं, पण त्यानं नाही म्हटलं. फोनच्या खोलीतच राहतो म्हणाला. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते आता आपल्याला जमतं, असं त्याचं म्हणणं. ताई आपल्या टाकीकडे आणि दोऱ्यांकडे परत गेली. काही दिवस चमकते तंतू दुमडताना दिसले की तिला मान वळवावी लागायची. नंतर नंतर नाही लागली.

आईनं केंद्रात जाऊन बोलावलं, त्या पहिल्या संध्याकाळी लंबू घरी आला तेव्हा तिघं टेबलाशी बसली. सुरुवातीला भांड्यांचाच आवाज. कुणी चौथ्या खुर्चीकडे बघत नव्हतं. मग आईनं त्याच्या ताटात वाढता वाढता विचारलं, "कामावर कसा होता रे तो? घरी काही सांगायचा नाही. विचारलं की म्हणायचा, काही नाही, पाण्यात उतरलो आणि वर आलो."

लंबूनं घास खाली ठेवला. विचार केला.

"पालीला घाबरायचा," तो म्हणाला.

"कोण? हा?"

"भयंकर. पुराच्या पाण्यात उडी मारायचा, अंधाऱ्या विहिरीत उतरायचा, पण केंद्रात भिंतीवर पाल दिसली की टेबलावर चढायचा. एकदा मोठे साहेब तपासणीला आले. आम्ही सगळे रांगेत ताठ उभे. आणि बरोबर साहेबांच्या डोक्यावर, छताला..."

आई आधी नुसती ऐकत होती. मग तिच्या तोंडातून एक हसू निसटलं, तिनं तोंडावर हात धरला, तरी ते थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"मग?" ती म्हणाली. "मग काय झालं?"